घोड्याच्या ट्रेलरची रसवंती : चाकांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार. वडकी

ट्रेलर आज आला. मेव्हण्याने, म्हणजे संतोषने, तो एका स्टड फार्मच्या निकाली सामानातून उचललाय. एका घोड्यापुरता डबा, एकच ॲक्सल. कधीकाळी इथेच कुणीतरी जीपचे हब (चाक ज्यावर बांधतात तो मधला भाग) आणि जीपचे पाटे (स्प्रिंगा) घालून बांधलेला. आत अजून घोड्याच्या मुताचा वास आहे आणि भिंतीला घोड्याने खाल्लेल्या फळ्या आहेत. संतोषला यात फिरती रसवंती करायची आहे. डाव्या बाजूची भिंत कापून काउंटर, आत चरक, मागच्या उतरत्या फळीवरून उसाच्या मोळ्या चढवायच्या. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आहे. उपवासाला उसाचा रस चालतो, तेव्हा त्या दिवशी गाडा रस्त्यावर हवा.

डब्याचं काम फॅब्रिकेशनवाला करणार, आरसीवरच्या बदलाची कागदं संतोष बघणार. चाकं माझ्याकडे. "दाजी, तुम्ही भोसरीत एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला होता, चाकं तुम्हीच बघा," असं म्हणून त्याने हात झटकले.

टायर ६.००-१६, जुन्या जीपचा साइज, ट्यूबवाले, नायलॉनचे. नक्षी जवळजवळ नवी आहे. संतोष त्यावरच खूश होता. पण बाजूच्या भिंतीला, रिमच्या वर दोन बोटं, गोल भेगा आहेत. नखाने दाबलं तर भेग उघडते. वर्षानुवर्षं उन्हात एका जागी उभा राहिलेला ट्रेलर असाच असतो: नक्षी झिजत नाही, रबर मरतं. हे टायर फक्त ट्रेलर ढकलायला.

उचलून खाली घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या. घोड्याच्या डब्याला घोडी. ओंकारला (संतोषचा मुलगा) हा विनोद तीनदा सांगावा लागला.

७ जानेवारी

डाव्या चाकाचे दोन स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) तुटले. चूक माझी. ओंकार पान्याला पाइप घालून त्यावर उभा राहिला. नट हलेना, मी म्हटलं अजून जोर लाव. फटकन आवाज. दुसऱ्याला पण तेच. मग आबा (सासरे) बाजेवरून म्हणाले, "अरे, डावीकडचा आटा उलटा असतो जीपला."

असतो. जुन्या विलीज धाटणीच्या जीपला डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे यायचे, चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून. मला हे माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी माहीत होतं. उरलेले तीन उलटे फिरवले, लोण्यासारखे सुटले.

आज ठरवलं: सगळे दहा स्टड बदलायचे, दोन्हीकडे सुलट्या आट्याचे. मी तुटलेल्याच्या जागी तसाच उलटा स्टड शोधून घालू शकतो. पण हा गाडा रात्री दहाला कुठल्यातरी जत्रेवरून परतताना पंक्चर होणार आणि ते चाक एक अनोळखी पोरगा मशीनच्या पान्याने खोलणार. त्याला आबा कुठून भेटणार?

१२ जानेवारी, रविवार

सकाळी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात. डिश (चाकाची लोखंडी रिम) बघायला गेलो, दोन व्हर्नियर आणि एक पितळी दिवा बघून आलो. दिवा घेतला. मंगलने (बायकोने) विचारलं, चाकं कुठायत.

निघण्याआधी हबचं माप काढलं होतं. पाच भोकांच्या डिशचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, सरळ मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोकं नसतात. शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मध्य ते मध्य मोजायचं आणि १.७०१ ने गुणायचं. माझं अंतर ८२.१ आलं, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. साडेपाच इंच. जीपचा आणि जिप्सीचा तोच. आपलं नशीब. हाच ट्रेलर विलायती असता तर तिकडच्या बऱ्याच घोडा-ट्रेलरांना पाच भोकं साडेसहा इंचावर असतात, आणि त्या मापाची डिश पुण्यात शोधायची म्हणजे जुनी लँड रोव्हर बाळगणाऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

सोळा इंची डिश ठेवायची की पंधरा, हा खरा प्रश्न. सोळाच्या जुन्या डिशा साडेचार इंच रुंद आहेत, त्यावर हल्लीचा रुंद रेडियल बसणार नाही. पंधरा इंची, सहा इंच रुंद, त्याच पाच भोकांची लोखंडी डिश मिळते.

भंगारात चार बघितल्या. घरी आणलेल्या दोन (परत देण्याच्या बोलीवर) हबवर बांधून डायल (डोल मोजायचं गेज) लावला. एक १.१ मिलिमीटर डोलते, चालेल. दुसरी ३.८. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. भंगारवाल्याने दोन्हींवर सारखाच चंदेरी रंग मारलाय, त्याचा काय दोष. परत. नव्या घेणार, तीन.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. आज नाना पेठेत टायरवाल्यांकडे पूर्ण दिवस. जे जे पुढे आलं ते लिहून ठेवतो, कारण संध्याकाळी घरी तिघांनी तीन मतं मांडली.

आधी वजनाचा अंदाज, कागदावर. रिकामा डबा ६४०. चरक, स्टँड, मोटर मिळून २३५. जनरेटर ९५. स्टीलचं काउंटर आणि बेसिन ११०. पाणी टाकीसकट ११०. बर्फाची पेटी भरून ९०. ऊस २००. ग्लास, जग, हत्यारं, स्टेपनी ६०. बेरीज १५४० किलो. दोन चाकं, म्हणजे एका चाकाला ७७०. (हुकवर थोडं जाईल ते सोडून दिलं, तेवढीच सवड.)

पहिला दुकानदार, वयस्कर चाचा, ६.००-१६ म्हटल्यावर लगेच आत गेले आणि तीन धारांचा टायर घेऊन आले. ट्रॅक्टरचा पुढचा! साइज तंतोतंत तोच, बसतो पण तसाच. फुरसुंगीत एकाने ट्रॉलीला लावलाय म्हणे. पण तो शेतात आणि शेताच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या वेगाने जायला बनवलेला. सोलापूर रोडला पन्नासने ओढला तर तापून फुटेल. साइज जुळला म्हणजे टायर जुळला असं नाही. आबांना हे सांगितलं तर त्यांना त्यांची टायरगाडी आठवली. सोमेश्वर कारखान्याला ऊस वाहायचे तेव्हाची, एकोणीस इंची टायरची. "त्यावर पण लिहिलेलं असायचं बैलगाडीचा टायर म्हणून. कुणी मोटारीला लावत नव्हतं."

दुसरीकडे रिमोल्ड. अर्ध्या किमतीत, वरून नवी नक्षी. ट्रकच्या मागच्या जोडचाकांना लोक वापरतात, चांगला कारखाना असेल तर चालतोही. मला एकच टायर एका बाजूला आहे. तो सोलला तर शेजारी दुसरा नाही, आणि ट्रेलरमध्ये कुणी बसलेलं नसतं. पुढच्या गाडीत बसलेल्याला कळेपर्यंत डिश डांबरावर घासत असते. नको.

ओंकारला अलॉय हवेत. सतरा इंची, काळे, कडेला लाल रेघ. "मामा, फूड ट्रकला लूक पाहिजे." लूक पाहिजे हे मला मान्य आहे. रसवंतीला घुंगरं असतात ती काय रस जास्त निघावा म्हणून नसतात. पण पातळ भिंतीचा टायर, खड्डा, आणि वर सव्वादोनशे किलोचं बिडाचं धूड: अलॉय वाकत नाही, तडकतं. लोखंडी डिश वाकली तर वाडीतला माणूसही ठोकून सरळ करून घरापर्यंत पोचवतो. लाल रेघ लोखंडी डिशवर मारू, पाचशे रुपयांत.

आता मुद्द्याचं. १५ इंचात सगळीकडे मिळणारा साइज २१५/७५ आर १५. उंची साधारण ७०३ मिलिमीटर, जुना ६.००-१६ साधारण ७३०. म्हणजे डबा तेरा-चौदा मिलिमीटर खाली बसेल, हरकत नाही. रुंदी जुन्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर जास्त. आतल्या बाजूला पाट्यापर्यंत ५८ मिलिमीटर मोकळे होते, निम्मी वाढ आत गेली तरी तीसएक उरतात. पास.

पण हा साइज दोन जातींत येतो आणि दुकानात दोन्हींना एकच नाव आहे. एकावर साइजपुढे १०० एस. शंभर हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ शंभर किलो नाही. तक्त्यात १०० म्हणजे ८०० किलो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. दुसऱ्यावर एलटी (लाइट ट्रक), ८ पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा), आणि १०६/१०३. १०६ म्हणजे ९५० किलो एकट्या चाकाला, १०३ म्हणजे ८७५ जोडचाकात असताना. पहिला प्रवासी गाडीचा, मऊ भिंतीचा, ३५ पीएसआयचा. दुसरा माल वाहणाऱ्याचा, ६५ पीएसआयपर्यंत हवा घेणारा. किमतीत एका टायरला दीड हजाराचा फरक.

चाचा म्हणाले, साहेब तुमचं सातशे सत्तर आहे ना, आठशेवाला घ्या, का पैसे घालवता. संतोषचं पण तेच. गणित दोघांच्या बाजूने आहे. मला दोन गोष्टी खटकतात. एक, अमेरिकेत प्रवासी गाडीचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायचा नियम आहे. ८०० भागिले १.१ म्हणजे ७२७. माझे ७७० त्यात बसत नाहीत. दोन, माझी बेरीज कागदावरची आहे. इन्स्पेक्शनला असताना कागदावरच्या मापावर मी कधी सही केली नाही.

निर्णय: आधी काटा, मग टायर. संतोष चिडलाय. टायर नसताना काट्यावर नेणार कसा, हा त्याचा प्रश्न बरोबर आहे.

१९ जानेवारी

रामटेकडीला लेथवाल्याकडे हब दिले. जुने स्टड मागून ठोकून फुलवलेले असतात, ते कापून काढले, नवे अर्धा इंची, इंचाला वीस आट्याचे, सगळे सुलटे. बेअरिंगच्या चकत्यांवर निळसर डाग, म्हणजे कधीतरी ग्रीस संपून तापलेली. चारही नवी. जुनं ग्रीस खरवडताना आतून गवताची काडी निघाली.

ब्रेकची नोंद वेगळ्या वहीत आहे, इथे गुंतवत नाही.

२८ जानेवारी

काटा अजून झाला नाही आणि वजन वाढलं. सिंहगड रोडकडच्या जीबीएसच्या (हातपाय लुळे पाडणारा आजार) बातम्या रोज येताहेत. नांदेड, किरकटवाडी, पाणी उकळून प्या. सगळं पुणं पाण्याकडे संशयाने बघतंय. संतोष म्हणाला, या हंगामात कुणी रस प्यायचा असेल तर त्याला आपलं पाणी दिसलं पाहिजे. ग्लास बादलीत बुचकळून चालणार नाही, वाहत्या फिल्टरच्या पाण्याने धुवायचे. शंभर लिटरची टाकी रद्द, दोनशेची आली. बर्फही रसात न घालता रस बाहेरून गार करायचा, त्याला वेगळी पेटी.

त्याचं बरोबर आहे. माझ्या बेरजेत १०५ किलो वाढले. १६४५.

टाकी त्याने फॅब्रिकेशनवाल्याला काउंटरखाली, बेसिनच्या बाजूलाच बसवायला सांगितली. पाइप छोटा लागतो म्हणून. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काटा.

गॅरेजवाल्या मित्राकडे एक जिप्सी दुरुस्तीला पडलीय, तिची दोन चाकं दिवसापुरती मागून आणली. भोकं जुळतात, पंधरा इंचीच आहेत. ट्रेलर पूर्ण भरला: चरक, जनरेटर, टाकी गळ्यापर्यंत, बर्फाच्या जागी वाळूची पोती, ऊस खराच. संतोषच्या पिकअपला जोडून पायी चालण्याच्या वेगाने काट्यापर्यंत, दोन किलोमीटर. मागे मोटारसायकलवर मी, पुढे ओंकार हात दाखवत. लोकांना वाटलं मिरवणूक आहे.

निघतानाच मंगल म्हणाली, "डावीकडे कललाय." मी म्हटलं रस्त्याचा उतार आहे. ती म्हणाली, अंगणात कुठला रस्ता.

काटेवाल्याला समजावायला वीस मिनिटं गेली. त्याला सगळी गाडी काट्यावर हवी, एकच पावती, पुढचा ट्रक उभा आहे. मला आधी ट्रेलरची दोन्ही चाकं हवीत, पिकअप काट्याबाहेर. मग फक्त डावं चाक काट्यावर आणि उजवं शेजारच्या सिमेंटवर, त्याच पातळीत. मग उलटं. तीन पावत्यांचे पैसे आधी हातावर ठेवल्यावर त्याने ट्रकवाल्याला चहाला पाठवलं.

दोन्ही चाकं मिळून : १५६० किलो.
डावं : ९१०.
उजवं : ६५०.

मी आकडे दोनदा वाचले. काटेवाला म्हणाला, मशीन बरोबर आहे, पासिंग झालंय. मशीन बरोबरच होतं. डावा टायर खाली पसरला होता, उजवा ताठ.

हुकवरचं वजन घरी येऊन मोजलं. हुकखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा. ५५ किलो. १५६० आणि ५५ म्हणजे १६१५. माझी कागदावरची बेरीज १६४५ होती. एकूण वजनात मी तीस किलोने चुकलो, म्हणजे चुकलोच नाही. आणि तरी ८०० किलोचा टायर घेतला असता तर डावं चाक पहिल्या दिवसापासून ११० किलोने ओव्हरलोड असतं.

४ फेब्रुवारी

दोन दिवस डोकं तिथेच. का झालं हे इतकं सरळ आहे की लाज वाटते. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते. म्हणून गिऱ्हाईक डावीकडे, म्हणून काउंटर डावीकडे. काउंटरमागे चरक, कारण लोकांना ऊस पिळताना दिसला पाहिजे. चरकाजवळ बर्फ, बेसिनजवळ टाकी, हाताशी जनरेटरचं बटन म्हणून जनरेटर. प्रत्येकाने आपापल्या सोयीने बरोबर निर्णय घेतला आणि सगळं वजन डावीकडे गेलं. त्यात आपले रस्ते कडेला उतरते, म्हणजे चालताना डाव्यावर आणखी थोडं.

घोड्याची ही अडचण नव्हती. घोडा मध्यभागी उभा राहतो, वळणावर पाय फाकवून स्वतःला सावरतो. चरक सावरत नाही.

आबांना हुकचे ५५ किलो सांगितले. "उलाळ आहे गाडी," ते म्हणाले. बैलगाडी मागे जड झाली की जू वर उठतं आणि बैलाच्या गळ्याला सापती (गळपट्टा) आवळते, ती गाडी उलाळ. पुढे जड झाली तर बैलाच्या मानेवर बसते. ऊस भरताना आबा गाडीच्या पुढे जाऊन जू हाताने उचलून बघायचे, किती जड लागतं. त्यांचा न्हाणीघरातला वजनकाटा तोच. ट्रेलरला नियम तसाच: एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के हुकवर हवं. माझे साडेतीन टक्के आले, म्हणजे उतारावर वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागेल. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ती शेपटी मला बघायची नाही.

नवी मांडणी, खडूने फरशीवर आखून: चरक आणि काउंटर डावीकडेच, त्याला इलाज नाही. टाकी उजव्या भिंतीला, ॲक्सलच्या जरा पुढे. पाइप दोन मीटर जास्त, तीनशे रुपये. जनरेटर उजवीकडे पुढच्या कोपऱ्यात. उसाचं फडताळ उजवीकडे. बर्फ डावीकडे. स्टेपनी पुढे. फॅब्रिकेशनवाल्याने तोंड वाकडं केलं, बैठक कापून परत वेल्ड करावी लागली. पैसे माझ्या खिशातून, कारण २८ तारखेला मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो.

८ फेब्रुवारी

तरीही एलटीच घेतला. संतोष म्हणतो, आता वजन सारखं झालं तर आठशेवाला पुरेल ना. पाणी आणि ऊस दिवसभर सारखे राहत नाहीत. संध्याकाळी टाकी रिकामी, ऊस संपलेला, म्हणजे उजवी बाजू हलकी आणि चरक तिथेच. आणि एखाद्या दिवशी तो मागच्या फळीवर चार मोळ्या जास्त टाकणारच, त्याच्या हंगामाचे दिवस मोजके.

नाना पेठेत तेच चाचा. तीन टायर, ६,८०० ला एक. पहिल्या टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे शोधले: २२१९. २०१९ सालचा बाविसावा आठवडा. चाचा म्हणाले, वापरलेला नाही, गोडाऊनमध्ये होता, पाचशे कमी करतो. ज्या गाडीचे टायर वर्षाला साठ हजार किलोमीटर पळून झिजतात तिला तो चालेलही. माझा गाडा जूनपासून जानेवारीपर्यंत उभा राहणार. त्याचा टायर नक्षीने मरणार नाही, वयाने मरणार. मी त्याच्या आयुष्यातली साडेपाच वर्षं पाचशे रुपयांना विकत नाही. आतून ३८२४ चे तीन निघाले.

व्हॉल्व्ह: दुकानातला मुलगा नेहमीचा रबरी दाबून बसवायला निघाला. तो ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, म्हणजे टायरच्या कमाल हवेइतकाच, सवड शून्य. नट लावून आवळायचा धातूचा मागितला. चाळीस रुपये जास्त. मुलाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की भोसरीचे दिवस आठवले.

चाकं बॅलन्स केली. लोक म्हणतात ट्रेलरला कशाला, स्टिअरिंग थोडंच हलतंय. बरोबर, माणसाला कळत नाही. बेअरिंगला कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

काटा पुन्हा, तोच माणूस. या वेळी त्याने स्वतःच विचारलं, "आधी डावं का?"

दोन्ही १५१०. डावं ७७०, उजवं ७४०. हुकवर ११०, म्हणजे एकूणच्या पावणेसात टक्के.

हवा: या टायरला ६५ पीएसआयला ९५० किलो. ५० पीएसआयला ८००. माझे ७७०. पंचावन्न ठेवतोय, सकाळी गार असताना मोजून. जास्तीत जास्त भरली तर डबा उड्या मारतो आणि ग्लास फुटतात.

१५ फेब्रुवारी

दिवे घाट, भरलेल्या ट्रेलरसकट, वर आणि खाली. सकाळी सहाला निघालो. सासवडला चहाला थांबलो तेव्हा हाताने हब बघितले: उजवा कोमट, डाव्यावर हात ठेववत नव्हता. टायर दोन्ही सारखेच, म्हणजे भार नाही, बेअरिंगचा नट जास्त आवळलेला. हबची टोपी काढून नट थोडा सैल केला, पिन परत. परतीत दोन्ही सारखे कोमट.

चाकाचे नट घरी येऊन पुन्हा आवळले, १०० न्यूटन-मीटरला. नवा रंग असलेली डिश पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरला बसते, रंग दबतो, नट सैल पडतो. दहापैकी तीन नट पाव फेरा फिरले. पुढच्या शंभर किलोमीटरनंतर परत बघणार. लाल रेघ ओंकारने स्वतः मारली, एका चाकावर थोडी वाकडी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

भुलेश्वर. संतोषने सकाळपासून पिळायला घेतलं, दुपारी तीनला ऊस संपला. उभं असताना चारही कोपऱ्यांना टेकू लावले, चरकाची थरथर टायरवर जात नाही. चाकांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२३ मार्च, रविवार

जेजुरीहून परतताना पंक्चर. काल रात्री पावणेदहा, डावं चाक, खिळा. संतोषने फोन केला तेव्हा मी जेवत होतो. मी म्हटलं येतो. तो म्हणाला, येऊ नका, झालं पण. रस्त्यालगत पंक्चरवाला होता, पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. त्याने जॅक लावला, मशीनने नट सोडवले, वीस मिनिटांत सगळं. टायर बघून म्हणाला, हा तर भाजीच्या पिकअपला असतो, उद्या लागला तर माझ्याकडे पडलाय एक. नट उलटे की सुलटे हे त्याने विचारलं नाही, विचारायचं कारणच नव्हतं.

आज सकाळी मशीनने आवळलेले पाच नट मी सोडवून हाताने पुन्हा आवळले. त्या पोराने चांगलेच दाबले होते. आतापर्यंत ६४० किलोमीटर. नक्षी दोन्हींची बाहेरून आतपर्यंत सारखी. हवा डाव्यात ५४, उजव्यात ५५.

जूनमध्ये गाडा बंद झाला की: टाकी रिकामी, चरक काढायचा नाही पण ॲक्सलखाली घोड्या, चाकं जमिनीपासून दोन बोटं वर, वरून पोती. ओंकारला सांगून ठेवलंय.

स्टेपनीची हवा बघायची राहिलीय. ती पुढे बसवल्यापासून तिचा व्हॉल्व्ह भिंतीकडे आलाय आणि गेज लागत नाही. उलटी बसवावी लागेल.